खाऱ्या हवेत ठेवू नये

नोंद : मंगळवार, दिनांक १२ नोव्हेंबर २०२४. रोडपाली येथील रहिवासी श्री. तुळशीराम चांगू घरत हे 'चपळा' या नावाने विकल्या गेलेल्या विजेच्या दुचाकीवरून कामोठ्याला जात असता, महामार्गाखालच्या रस्त्यावर सदर दुचाकी कोणतीही सूचना न देता बंद पडली. मागून येणाऱ्या टँकरच्या चालकाने वेळीच ब्रेक लावला, म्हणून ही नोंद तक्रारीच्या भाषेत लिहिता येते आहे; अन्यथा तिची भाषा वेगळी झाली असती. सदर दुचाकी यापूर्वीही वारंवार अशीच बंद पडली असून विक्रेत्याच्या दुरुस्ती केंद्राने प्रत्येक वेळी एकाच वाक्यात तिची बोळवण केली आहे : 'दोष आढळला नाही.'

ही नोंद मी केली, तुळशीरामांनी नाही. तक्रार करणे हा त्यांचा स्वभाव नव्हे, तो माझा. त्यांच्याच इमारतीत मी तिसऱ्या मजल्यावर भाडेकरू आहे, आणि बंद पथदिव्यांपासून उघड्या गटारांपर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी अर्ज करणारा म्हणून त्या गल्लीत माझी थोडी थट्टाही होते. परंतु या वेळी प्रश्न दिव्याचा नाही. ज्या माणसाचा आहे तो कोण, हे आधी सांगितले पाहिजे, कारण दुरुस्ती केंद्राच्या खिडकीपाशी तो केवळ 'चपळावाले आजोबा' एवढाच उरतो.

तुळशीराम घरत मिठागरात वाढले. आज जिथे सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये गाड्या धुतल्या जातात, तिथे त्यांच्या लहानपणी भरतीचे पाणी अडवून मीठ पिकवत. त्यांचे लग्न ठरले तेव्हा मुलीच्या बापाने म्हणे घर पाहिले नाही, शेत विचारले नाही. मुलाला ओट्यावर बसवून त्याचे तळपाय पाहिले. मिठाने चिरलेले तळपाय दिसले, तेव्हा सुपारी फुटली. पुढे नवे शहर आले, आगर गेले, मोबदल्यात भूखंड आला, भूखंडावर चार मजले चढले. मुलगा परेश विटा-वाळूचा पुरवठा करता करता ठेकेदार झाला. पत्नी वारली. घरात सर्व काही आले आणि तुळशीरामांना करण्यासारखे काहीच उरले नाही.

उरले ते एकच : जुन्या कामोठे गावात राहणारी त्यांची थोरली बहीण सखूबाई. विधवा, गुडघ्यांनी जायबंदी, मूलबाळ नाही. सकाळी खाडीवर जाऊन भरती पाहायची, मिळाली तर थोडी कोलंबी घ्यायची, ती बहिणीकडे न्यायची, तिने ती रांधायची आणि दोघांनी मिळून जेवायचे, असा त्यांचा परिपाठ. जेवणानंतर ती दोघे बोलत बसतात. काय बोलतात, ते मला पुरते कळत नाही. कुठल्या बांधाला कोणत्या वर्षी भगदाड पडले, कोणाच्या कोंडीतले मीठ पांढरे निघे नि कोणाचे काळपट, असे काहीतरी. ही भाषा समजणारे त्या दोघांखेरीज त्या घरांत आता कोणी नाही.

तिथे जाण्यासाठी त्यांनी ही 'चपळा' घेतली. परेशला न विचारता घेतली. गाडी मंद चालणारी, म्हणून तिला नोंदणी लागत नाही आणि चालवणाऱ्याला परवाना लागत नाही, हे तिचे मुख्य आकर्षण. परवान्यासाठी तुळशीराम दोनदा गेले होते. डोळे उत्तम, हात स्थिर, डॉक्टरांचा दाखला हाती. पण संगणकावरच्या चाचणीत दोन्ही वेळा नापास.

"पडद्यावर इचारतं," ते मला म्हणाले, "नि उत्तर आयकाला थांबत नाय. आमी तोंड उघडतो तं दुसरंच इचारतं. आसं कोन इचारतं, सायब? सोयरीक जुळवाला आलेला मानूसपन पानी पिऊ देतो."

तेव्हा प्रश्न असा होता : ही गाडी दुरुस्त करावी की बदलावी? वाचणाऱ्यांना तो सोपा वाटेल. मलाही वाटला होता.

परेशला तर तो प्रश्नच वाटत नव्हता. "साहेब, तुम्ही नका त्यांना चढवू," तो जिन्यात मला अडवून म्हणाला. "डबा आहे तो डबा. माझ्या साइटवरची पोरं हसतात. चांगली कंपनीची नंबरप्लेटवाली घेऊन देतो, उद्याच्या उद्या."

"आणि परवाना?"

"मनिषा चालवेल. सोडेल ना त्यांना."

मनिषा म्हणजे त्याची पत्नी. ती मागेच उभी होती. "मी सोडेन हो," ती म्हणाली, "पण माझ्या ट्यूशनच्या बॅचेस दुपारीच असतात. बाबांना तीन वाजेपर्यंत तिथे बसायचं असतं."

"मग रिक्षा आहे."

"रिक्षात मी सामान व्हतो," मागून आवाज आला. तुळशीराम पायऱ्यांवर बसून ऐकत होते. "इथून उचलला, तिथं ठेवला."

परवाना न लागणारी दुसरी गाडी का घेऊ नये, असेही विचारले जाईल. मी विचारले. पनवेलमधल्या दुकानांत हिंडून विचारले. अशा गाड्या होत्या. परंतु त्यांचा वेग खरोखर मर्यादेत आहे की केवळ कागदावर, हे छातीवर हात ठेवून सांगणारा विक्रेता मला भेटला नाही. एकाने तर डोळा मिचकावून 'वायर काढली की पळते' असे सांगितले आणि ते तिचा गुण म्हणून सांगितले. अशा गाडीवर पोलिसांनी अडवले, तर बिनपरवाना म्हणून दोषी कोण ठरणार? विक्रेता निश्चित नव्हे. म्हणजे ज्ञात दोषाची गाडी टाकून अज्ञात दोषाची घ्यायची, एवढाच काय तो बदल.

म्हणून आधी दोष शोधावा, असे मी ठरवले. तिथून माझ्या गोंधळाला सुरुवात झाली.

गाडी दुरुस्ती केंद्रात दिली की ती दिवसभर उत्तम चाले. केंद्राचे आणि त्याला लागून असलेल्या विक्रीच्या दुकानाचे मालक धर्मराज स्वतः तिच्यावर बसून चौकाला वळसा घालून येत आणि मला म्हणत, "बघा, मख्खन!" घरी आणली की दोन-चार दिवस ठीक, मग पुन्हा अधूनमधून प्राण सोडी. कधी सिग्नलला, कधी चढावर, कधी सपाट मोकळ्या रस्त्यावर. क्षणभर बंद, पुन्हा सुरू, पुन्हा बंद. चार्जर बदलून पाहिला. घरातला प्लग बदलून पाहिला. मनिषाने सासऱ्यांना हळूच विचारले, "बाबा, रात्री चार्जिंगला नक्की लावता ना?" आणि त्यांनी तिच्याशी दिवसभर अबोला धरला. मला तर अशी शंका येऊ लागली की गाडीला केंद्र आवडते आणि घर आवडत नाही. शिकलेल्या माणसाने असा विचार करावा, इथवर वेळ आली होती.

टँकरच्या प्रसंगानंतर मी गाडी कामोठ्यातल्या उदयसिंह नावाच्या मोटर दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. तुळशीराम सोबत होतेच. उदयसिंहाने सीटखालचे झाकण उघडले, आत बोट फिरवले, बोट नाकाशी नेले आणि आमच्याकडे पाहिले.

"काका, ही गाडी आहे का लोणचं?"

आत प्रत्येक जोड, प्रत्येक तार, प्रत्येक पट्टी तेलाने माखलेली होती. त्या तेलावर रस्त्याची धूळ बसून काळा लगदा झाला होता. हँडलवरचा ब्रेक उघडला, तर त्याच्या आतले छोटे बटणही त्याच लगद्यात चिकटले होते. ब्रेक दाबला की त्या बटणामुळे मोटर बंद होते. बटण चिकटले की ब्रेक न दाबताही गाडीला तो दाबलेलाच वाटतो. केंद्रात दर वेळी गाडी हवेच्या झोताने साफ करत, तेव्हा बटण सुटे होई. घरी आली की पुन्हा चिकटे.

"कोणी घातलं एवढं तेल?" उदयसिंहाने विचारले.

"आमी," तुळशीराम म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर अपराधीपणा नव्हता, थोडा अभिमानच होता. "दर शनवारी. करंजाचं हाय, चोख. वाडीवरच्या बाया आनून देतात."

"पण कशाला?"

तुळशीरामांनी त्याच्याकडे असे पाहिले, की जणू त्याने जेवायचे कशाला असे विचारले होते. "मीठ लोकंड खातं," ते म्हणाले. "आगरात शनवारी काम सुटलं का पयलं फावड्यांना तेल, मंग आपल्या आंगाला. तेल नाय लावलं तं फावड्याची चाळन व्हते. माझ्या बापाचं फावडं माझ्या हाती आलं, ते तेलावर. ही तं खाडीच्या वाऱ्यात रोज फिरते. तिला नको?"

"अहो, हे फावडं नाही!"

"लोकंड नाय का?"

उदयसिंहाने गाडी पुसली, बटण धुतले, जोड कोरडे केले आणि ठणकावून सांगितले की यापुढे तेलाचा थेंबही लावायचा नाही. "लिहून देतो, बंद पडली तर माझ्याकडे या." लिहून मात्र दिले नाही.

मला समाधान वाटायला हवे होते. दोष सापडला होता. परंतु माझा राग जागच्या जागी होता, केवळ त्याची दिशा बदलली होती. ज्या केंद्रात ही गाडी इतक्या वेळा गेली, तिथल्या एकाही माणसाने हे तेल पाहिले नाही? झोत मारताना ते त्यांच्या अंगावर उडाले नाही? मी धर्मराजांकडे गेलो आणि हाच प्रश्न केला. त्यांनी संगणकावर काहीतरी टंकले आणि एक कागद माझ्या हाती दिला. 'ग्राहकाने बाह्य पदार्थ लावल्याचे आढळल्यामुळे हमी लागू नाही.' आजवर ज्यांना काहीच आढळत नव्हते, त्यांना माझ्याच तोंडून ऐकून आढळले होते.

तुळशीरामांनी तेल बंद केले. शनिवारी ते गाडीपाशी जाऊन नुसते उभे राहत, असे मनिषाने मला सांगितले. डिसेंबर उत्तम गेला. गाडी एकदाही थांबली नाही. परेशनेही तिला डबा म्हणणे सोडले. सखूबाईंनी एकदा माझ्यासाठी कोलंबीचे कालवण पाठवले, आणि मी आयुष्यात प्रथमच कोणाविरुद्धही अर्ज न करता महिना काढला.

जानेवारीत गाडी पुन्हा बंद पडली, आणि या वेळी सुरूच झाली नाही.

उदयसिंहाने झाकण उघडले. आत तेल नव्हते. जोडांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड फुलली होती. एक जोड त्याच्या चिमटीत तुटून आला. मोटरला वीज मोजूनमापून देणारी पेटी, जिला तो कंट्रोलर म्हणतो, ती कायमची गेली होती.

"हे खारं आहे," तो म्हणाला.

"मीठ," तुळशीराम म्हणाले. त्यांनी ते विजयाने म्हटले नाही. आजारी माणसाच्या नातेवाइकाने म्हणावे तसे म्हटले.

आम्ही तिघेही पुन्हा धर्मराजांकडे गेलो. उदयसिंह हौसेने आला होता. पुढील संभाषण मी जसे झाले तसे देतो, कारण त्यात माझी भर घालण्यास जागा नाही.

"गंज आहे," धर्मराज म्हणाले. "गंजाला हमी नाही."

"गेल्या वेळी तुम्ही तेल होते म्हणून हमी नाकारली," मी म्हणालो. "तेल काढले, म्हणून गंज आला. आता गंज आहे म्हणून नाकारता?"

"दोन वेगळे मुद्दे आहेत, सर."

तुळशीराम पुढे झाले. "बाबा, मना येकच सांग. लावाचं का नाय लावाचं?"

"आजोबा, तेलाचं मॅन्युअलमध्ये काही नाही."

"मंग तुझ्या पोथीत काय हाय?"

धर्मराजांनी पुस्तिका काढली. ती इंग्रजी आणि हिंदीत होती. बोट ठेवून त्यांनीच मराठीत सांगितले, "गाडी कोरड्या जागी ठेवावी. खाऱ्या हवेत ठेवू नये."

तुळशीरामांनी पुस्तिका त्यांच्याकडे परत सरकवली. "आमी ऱ्हातो खाडीवर. तू इकलीस खाडीवर. मंग ठेवाची कुटं? पुन्याला ठेवू नि इथनं चालत जाऊ चालवाला?"

उदयसिंह मोठ्याने हसला. धर्मराजही हसले. मला हसू आले नाही. पनवेलच्या खाडीकाठी दुकान थाटून खाऱ्या हवेत चालणार नाही अशी वस्तू विकणे, आणि ते छापील पुस्तकात परक्या भाषेत लिहून ठेवून हात झटकणे, याला विनोद म्हणण्याइतका मी अजून समंजस झालेलो नाही. नवा कंट्रोलर मिळेल का, असे विचारता धर्मराजांनी सांगितले की कंपनीने 'चपळा' बनवणे बंद केले आहे आणि सुटे भाग येत नाहीत. मग त्यांनी आम्हाला दारातल्या नंबरप्लेटवाल्या गाड्या दाखवल्या.

त्या दिवसापासून परेशने नवी गाडी घेण्याची घाई चालवली, आणि मी, खरे सांगायचे तर, त्याच्या बाजूला झुकलो. तर्काने पाहता दुसरा मार्ग दिसत नव्हता. तोवर तुळशीरामांना कामोठ्याला मी माझ्या स्कूटरवरून नेईन, असे मीच सुचवले. मला सुट्टी होती आणि मनात सद्भाव होता.

पहिल्याच दिवशी सखूबाईंच्या दारात उतरलो. त्या ओट्यावर बसूनच होत्या. भावाला पाहून त्यांचा चेहरा उजळला, मग त्यांची नजर माझ्याकडे गेली.

"आलास, तुळश्या? कोनाच्या गाडीवर आलास?"

"सायबांच्या."

"मंग त्याना बसाला सांग. च्या ठेवू?"

मी म्हणालो, मी बाहेर बसतो, तुम्ही सावकाश बोला. मी खरोखरच रस्त्यापलीकडच्या पारावर बसलो, हॉर्न वाजवला नाही, घड्याळ पाहिले नाही. तरीही दर थोड्या वेळाने सखूबाईंचा आवाज ऐकू येई : "जा रं, मानूस खोलंबलाय." कोलंबी त्यांनी घाईने परतली, भावाने घाईने खाल्ली. बांधाच्या भगदाडाचा विषय निघाला आणि मध्येच सोडून दिला गेला. एरवी उन्हे कलेपर्यंत बसणारा माणूस हात पुसत बाहेर आला, तेव्हा चहाचा कप अजून माझ्या हातातच होता.

परतताना मागच्या सीटवरून ते म्हणाले, "तुमचा दोस नाय, सायब. पन ती मना हाकलते. परेशचा डायवर कदी मोटारीतनं आनतो ना, तवा तं गाडीचा आवाज आला का तिचा चेराच उतरतो. मी आल्या आल्या ती माझ्या जान्याची वाट बगते."

गेले दोन महिने मी गाडीचा दोष शोधत होतो, आणि माझ्यासमोरचा प्रश्न यंत्राचा नव्हताच की काय, असे त्या रस्त्यावर मला वाटू लागले. या माणसाला कोणी पोहोचवायला नको होते. त्याला स्वतः जाऊन, स्वतःच्या मनाने उठायचे होते. नवी, चांगली, हमीची गाडी त्याला हे देऊ शकत नव्हती. ही जुनी, वाईट, बेभरवशाची गाडी देत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरतांच्या ओट्यावर पुन्हा तीच चर्चा झाली. परेश म्हणाला, "बाबा, मी बुकिंग करतोय." तुळशीराम म्हणाले, "कर. मनिषाला दे. मना हीच पायजे." परेश म्हणाला, "मेलीय ती गाडी!" तुळशीराम म्हणाले, "मेलेला बांधपन आमी भरतीच्या तोंडावर उभा केलाय. तू जा साइटवर." मनिषाने माझ्याकडे पाहिले. परेशनेही पाहिले. मी म्हणालो, दुरुस्त करू.

हे मी कशाच्या आधारावर म्हणालो, असे कोणी विचारील तर मला सांगता येणार नाही. उदयसिंहाचे म्हणणे असे, की दुसऱ्या बनावटीचा कंट्रोलर या गाडीला जुळत नाही. तो लावला तर एकतर गाडी हलत नाही, नाहीतर नको तेवढी पळते. मात्र याच बनावटीची एखादी बंद पडलेली गाडी मिळाली आणि तिचा कंट्रोलर शाबूत असला, तर तो काढून इथे बसवता येईल. तेलाविषयी त्याने आता असा निवाडा दिला आहे की लोखंडाला लावा, तारांना लावू नका. यावर तुळशीरामांनी झाकणाखाली वाकून त्याला विचारले, "मना दाखव, लोकंड कुटं सपतं नि तुझी वायर कुटं लागते." उदयसिंहाने एका ठिकाणी बोट ठेवले, मग दुसऱ्या, मग डोके खाजवले. तेव्हा तो मुद्दा तूर्त अनिर्णीत आहे. कदाचित तेल लावल्याने गाडी थांबत होती आणि तेल लावल्यानेच ती इतके दिवस जगली होती. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते का? मला शिकवले गेले त्यात असे नव्हते.

सध्या गाडी जिन्याखाली उभी आहे. सखूबाई ओट्यावर बसतात. स्कूटरवरून नेऊ का विचारले, तर तुळशीराम मला रोज नको म्हणतात. कधी रिक्षाने जातात आणि लवकर परततात, बरेचदा जातच नाहीत. कोलंबी त्यांनी घेणे सोडले आहे. पनवेल, कळंबोली, कामोठे इथल्या भंगाराच्या दुकानांत मी स्वतः जाऊन आलो. अशा गाड्या येतात, असे ते सांगतात. पण आल्या दिवशीच तांबे काढण्यासाठी फोडल्या जातात.

म्हणून आपणा वाचकांपुढे माझी मागणी ठेवतो. पनवेलपासून उरणपर्यंत ही गाडी अनेकांनी घेतली होती आणि त्यातल्या अनेकांच्या गाड्या आज जिन्याखाली, गच्चीवर, गोठ्यात पडून आहेत, हे मी भंगारवाल्यांकडून ऐकले आहे. आपल्याकडे 'चपळा' असेल, तर ती भंगारात घालू नका. रोडपालीत मारुतीच्या देवळामागे, घरत निवास इथे आणून द्या, किंवा निरोप पाठवा. आम्ही येऊन घेऊन जाऊ.